न कापता मोजलेला ब्रिक्स आणि रसाचा ब्रिक्स जुळत नाही: चूक कुठे शोधायची

ब्रिक्स म्हणजे रसात विरघळलेल्या पदार्थांची टक्केवारी, गोडीचा ढोबळ अंदाज. एनआयआर मीटर (अवरक्त प्रकाश टाकून फळ न कापता तो सांगणारं उपकरण) फळावर टेकवलं, आकडा आला १३.४. तेच फळ कापून रसाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर (रसात प्रकाश किती वाकतो त्यावरून ब्रिक्स देणारं उपकरण) घेतला, तर ११.८. पुढच्या फळात नेमकं उलटं. असं चार-पाच वेळा झालं की मीटर पेटीत जातं आणि पुन्हा अंगठ्याने दाबून बघणं सुरू होतं. दाबून बघणं ही फळ न बिघडवता करायची चाचणी नव्हेच, हे जाता जाता सांगायला हवं. अंगठ्याखालचा गर त्याच वेळी चेचला जातो, फक्त डाग एक-दोन दिवसांनी दिसतो.

अशा तक्रारींत बहुतेक वेळा मीटर बिघडलेलं नसतं. ज्या दोन आकड्यांची तुलना चालू असते, ते एकाच गोष्टीचे नसतात. म्हणून मीटर उघडण्याआधी, नवं कॅलिब्रेशन मागवण्याआधी, खालच्या क्रमाने तपासत या. क्रम महत्त्वाचा आहे, कारण पहिल्या दोन पायऱ्यांत चूक असेल तर पुढचं सगळं गणित वाया जातं.

पाडाला आलंय की पिकलंय?

हे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींसाठी एकच आकडा चालत नाही. आंबा, केळी, किवी, सफरचंद ही फळं झाडावर भरतात आणि तोडल्यावरही पिकतात. तोडणीच्या वेळी त्यांच्या गरात पिष्ट असतं, साखर नंतर होते. कच्च्या पण पूर्ण भरलेल्या आंब्याचा ब्रिक्स कमीच येणार. त्यावरून ‘हा गोड होणार नाही’ असं म्हणणं चूक. अशा फळात तोडणीच्या वेळी शुष्क पदार्थाची, म्हणजे पाणी वगळून उरणाऱ्या भागाची, टक्केवारी मोजतात. पिष्ट आणि साखर दोन्ही तीत धरले जातात, त्यामुळे पिकल्यावर ब्रिक्स किती होईल याचा अंदाज तिच्यावरून येतो. मीटरवर ‘ब्रिक्स’ आणि ‘ड्राय मॅटर’ (शुष्क पदार्थ) अशी दोन मॉडेल, म्हणजे प्रकाशावरून आकडा काढणारी गणितं, असतील, तर कच्च्या फळावर दुसरं लावा.

ॲव्होकॅडोत तर ब्रिक्सला काही अर्थच नाही. तिथे गर भरतो तो तेलाने. तेल वाढतं तसं पाणी कमी होतं, म्हणून शुष्क पदार्थ हीच खूण.

द्राक्ष, संत्र, स्ट्रॉबेरी, चेरी, अननस यांचं गणित सोपं. तोडल्यावर ही फळं मऊ होतील, रंग बदलतील, पण गोडी वाढणार नाही. इथे आजचा ब्रिक्स हाच उद्याचा ब्रिक्स.

एक चूक वारंवार होते: सोमवारी कच्च्या फळावर मीटर लावायचं आणि शुक्रवारी ते पिकल्यावर कापून रस मोजायचा. पिष्टाच्या फळात या चार दिवसांत ब्रिक्स कितीतरी वर जातो. मीटरचं रीडिंग आणि रसाचं रीडिंग एकाच दिवशी, शक्यतो एकाच तासात घ्या.

दोन्ही आकडे एकाच गराचे आहेत का?

सगळ्यात मोठी गफलत इथे असते. एनआयआर मीटरचा प्रकाश सालीखाली काही मिलिमीटरपर्यंतच कामाची माहिती आणतो. रस मात्र काढला जातो अख्ख्या फळाचा, नाहीतर कुठल्यातरी फोडीचा. आणि फळात गोडी सगळीकडे सारखी नसते. सफरचंदाची उन्हाकडची बाजू सावलीच्या बाजूपेक्षा गोड असते. अननसाचं बूड शेंड्यापेक्षा गोड. खरबुजात सालीलगतचा गर फिका आणि बियांच्या पोकळीजवळचा गोड. द्राक्षाच्या घडात खांद्यावरचे मणी आणि टोकाचे मणी यांत फरक असतो. एकाच फळात दीड-दोन अंशांचं अंतर ही अजिबात नवलाची गोष्ट नाही.

तुलना अशी करा. फळाच्या मध्यरेषेवर, देठ आणि टोक दोन्हींपासून दूर, डाग-खरचटं नसलेल्या जागी पेनाने २० ते २५ मि.मी. व्यासाचं वर्तुळ काढा. वर्तुळाच्या आत शाई लागू देऊ नका. मीटर तिथे टेकवून रीडिंग घ्या. मग पोकळ नळीच्या कटरने तेवढाच तुकडा काढा, साल सोला, वरचा १० मि.मी. गर ठेवा, बाकी टाका. तो लसणाच्या दाबणीत दाबला तरी पुरेसा रस निघतो. विरुद्ध बाजूलाही हेच करा, म्हणजे एका फळातून दोन जोड्या मिळतात आणि फळाच्या आतला फरक किती आहे तेही कळतं. एवढं केल्यावर निम्म्याहून जास्त तक्रारी इथेच मिटतात.

जाड सालीच्या फळात हा मार्ग मुळात लंगडा आहे. कलिंगडावर टेकवलेलं मीटर सालीचीच खबर देतं. आकडा येतो, कारण आकडा दाखवणं हे मीटरचं कामच आहे.

रिफ्रॅक्टोमीटरलाही तपासा

रसाचा आकडा खरा, असं धरूनच सगळे चालतात. तो चुकण्याची कारणं मोजकी पण नेहमीची आहेत. ऊर्ध्वपातित पाण्यावर शून्य लावलेलं नसतं. आदल्या फळाचा रस प्रिझमवर वाळून चिकटलेला असतो. थेंब उघडा ठेवून गप्पा मारल्या की पाणी उडून ब्रिक्स चढतो. रस गढूळ, पिष्टाळ असला की प्रकाश आणि सावलीमधली रेघ पुसट दिसते आणि वाचणारा आपल्या मनाने ती कुठेतरी धरतो. म्हणून रस दाट विणीच्या कापडातून गाळून घ्या.

तापमान वेगळं बघा. ब्रिक्सचं प्रमाण २० अंश सेल्सिअसला ठरवलेलं आहे. आपोआप भरपाई नसलेल्या साध्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३० अंशांना १५ ब्रिक्सच्या आसपासचा रस सुमारे ०.८ ने कमी दिसतो. भरपाई असलेल्या उपकरणालाही थेंब टाकल्यावर अर्धा मिनिट द्या. थंड फळाचा रस तापलेल्या प्रिझमवर टाकून लगेच वाचला तर भरपाईचा काही उपयोग नाही.

आणि ब्रिक्स म्हणजे साखर नव्हे. रसात विरघळलेलं सगळंच त्यात येतं, आम्लसुद्धा. लिंबाच्या रसाचा ब्रिक्स ७-८ येतो, आणि त्यात साखर अगदी थोडी असते. आंबट फळात ‘ब्रिक्स चांगला, चव वाईट’ अशी तक्रार आली तर मीटर आणि रिफ्रॅक्टोमीटर दोघंही निर्दोष असू शकतात. काही हातमीटर आम्लाचाही आकडा देतात. त्याच्यावर फार विसंबू नका. बहुतेक फळांत आम्ल एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असतं. पाण्याने प्रकाश शोषल्याच्या प्रचंड खुणेखाली ते जवळजवळ बुडून जातं, आणि मॉडेल आम्ल पकडण्याऐवजी पक्वतेसोबत बदलणाऱ्या इतर गोष्टी पकडून अंदाज बांधतं.

मीटरची दहा-दहाची चाचणी

आता मीटरकडे वळा. दिवा असलेलं उपकरण चालू करून १५-२० मिनिटं तापू द्या. पांढऱ्या संदर्भ फरशीवर रसाचे ओघळ, बोटांचे ठसे नाहीत ना ते बघा. फरशी मळकी असेल, तर सगळीच्या सगळी रीडिंगं एकाच दिशेला सरकतात. मग एक फळ घ्या.

आधी मीटर न उचलता त्याच जागी १० रीडिंगं. मग दर वेळी उचलून पुन्हा त्याच वर्तुळावर टेकवत १० रीडिंगं. दोन्हींचं प्रमाण विचलन (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत ते) काढा. पहिलं ०.२ च्या आत असावं. त्याहून जास्त असेल, तर दिवा, बॅटरी किंवा सेन्सरची वेळमर्यादा बघा: वेळ फार लांब ठेवली की सेन्सर भरून जातो आणि वर्णपटाचा (कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आला याच्या आलेखाचा) माथा सपाट दिसतो, फार आखूड ठेवली की खरखर वाढते. दुसरं विचलन पहिल्याच्या दुपटीहून जास्त आलं, तर उपकरण ठीक आहे पण ते टेकवण्यात गडबड आहे. फळाचा गोलवा आणि मीटरचं सपाट तोंड यांमध्ये फट राहते, दिव्याचा प्रकाश गरात न शिरता सालीवरून थेट सेन्सरकडे उडतो. तोंडाभोवती काळ्या मऊ फोमचं कडं लावा आणि दर वेळी सारख्याच दाबाने टेकवा.

झाडावरच्या फळावर मोजताना ऊन हा वेगळाच त्रास. उन्हात एनआयआर भरपूर असतं आणि ते गरातूनच आत झिरपतं, नुसत्या फटीतून नव्हे. एकच फळ उन्हात आणि काळ्या कापडाखाली मोजून बघा. दोन्हींत ०.३ हून जास्त फरक दिसला तर प्रत्येक रीडिंग कापडाखाली घ्या.

फळाचं तापमान

शीतगृहातून काढलेल्या फळावर आकडा एका बाजूला झुकतो, ही जवळजवळ ठरलेली गोष्ट. कारण साधं आहे. फळात ८०-९० टक्के पाणीच असतं आणि त्याचा शोषणाचा मोठा पट्टा ९७० नॅनोमीटरच्या आसपास येतो. पाणी तापलं की रेणूंमधले बंध सैल होतात आणि हा पट्टा कमी तरंगलांबीकडे सरकतो. साखरेची खूण याच पट्ट्याच्या उतारावर बसलेली आहे. त्यामुळे ज्या मॉडेलने थंड फळं कधी पाहिलीच नाहीत, त्याला तापमानातला बदल साखरेतला बदल वाटतो. शिवाय सालीवर दव धरलेलं असतं, ते वेगळंच.

दोन उपाय आहेत. एक, फळ खोलीच्या तापमानाला येईपर्यंत थांबणं. मोठ्या फळाला स्थिर हवेत यासाठी काही तास लागतात. साल हाताला गार लागत नाही म्हणजे गर तापला असं नाही. दुसरा उपाय जास्त टिकाऊ: कॅलिब्रेशनच्या वेळी तीच फळं १०, २० आणि ३० अंशांना मोजायची आणि तिन्ही वर्णपटांना रसाचा एकच आकडा जोडायचा. मग मॉडेल तापमानाकडे दुर्लक्ष करायला शिकतं.

फरक कुठल्या प्रकारचा आहे?

एवढं करूनही फरक उरला तर २५ फळं घ्या आणि प्रत्येकाचा ‘मीटर वजा रस’ हा फरक लिहा. फळं मुद्दाम निवडा: काही फिकी, काही मध्यम, काही गोड. या २५ फरकांची सरासरी म्हणजे झुकाव. सरासरीभोवती ते किती पसरलेत ते प्रमाण विचलन म्हणजे मीटरची खरी चूक.

समजा विचलन ०.७ आलं. मग सरासरीतली अनिश्चितता ०.७ भागिले ५ (२५ चं वर्गमूळ), म्हणजे ०.१४. झुकाव ०.३ च्या आत असेल तर त्याला हात लावू नका, तो योगायोगही असू शकतो. १.२ असेल तर तो खरा आहे, आणि सरळ वजा करून चालतं. नवा हंगाम, नवी बाग, नवी जात यांत असा झुकाव येतोच. पुढचं पाऊल म्हणजे याच २५ फळांचे वर्णपट जुन्या संचात मिसळून मॉडेल पुन्हा बांधणं. एकाच हंगामावर बांधलेलं मॉडेल दुसऱ्या वर्षी घसरतं. तीन-चार हंगामांचे नमुने आत गेले की ते बरंच स्थिरावतं.

फिक्या फळांना मीटर जास्त दाखवतं आणि गोड फळांना कमी, असं दिसलं तर ते मॉडेलचं भित्रेपण आहे. त्याने शिकताना टोकाची फळं फारशी पाहिली नाहीत, म्हणून ते सगळ्यांना सरासरीकडे ओढतं. इथे वजाबाकी करून भागत नाही, टोकाची फळं संचात घालावीच लागतात.

सहसंबंधाच्या वर्गावरून (आर-स्क्वेअर: मीटर आणि रसाचे आकडे किती जुळून चढतात-उतरतात ते सांगणारा आकडा, १ म्हणजे पूर्ण जुळणी) मीटर नापास करण्याची घाई करू नका. मीटरची चूक ०.७ आहे. फळांच्या ब्रिक्सचं विचलन २.० असेल तर सहसंबंधाचा वर्ग सुमारे ०.८८ येईल. तेच मीटर निवडक, एकसारख्या फळांवर लावलं आणि विचलन ०.८ असलं, तर तो ०.२३ वर कोसळेल. मीटर तेच, चूक तेवढीच. ‘पूर्वी चांगलं चालायचं, आता बिघडलं’ या तक्रारीमागे कित्येकदा एवढंच असतं की फळं आता आधीच निवडून येतात.

चांगल्या हातमीटरची ब्रिक्समधली चूक साधारण ०.५ ते १ असते. त्याहून कमी व्हावी म्हणून धडपडण्यापेक्षा सीमा हलवा. १२ ब्रिक्सच्या खालचं फळ जाऊ द्यायचं नसेल आणि चूक ०.७ असेल, तर सीमा १२.७ ला लावा. मग सीमेवर पास होणाऱ्या सहा फळांतलं एखादंच प्रत्यक्षात १२ च्या खाली निघेल. सीमा १२ वरच ठेवली तर काठावरची निम्मी फळं चुकीची जातील.

रंगाचे आकडे उलटे येतात तेव्हा

ब्रिक्सखेरीज रंग, आवाज आणि घनता यांवरूनही फळ न कापता पारखतात, त्यांतल्या चुका आता बघू. रंगमापकावरून ह्यूचा (रंगछटेचा) कोन काढताना एक ठरलेली चूक होते. बी-स्टारला (निळा ते पिवळा मोजणारा आकडा) ए-स्टारने (हिरवा ते लाल मोजणारा) भागून व्यस्त टॅन्जंट घेतला की हिरव्या फळाला उणे कोन येतो, कारण तिथे ए-स्टार उणे असतो. ए-स्टार उणे १५ आणि बी-स्टार ४० असेल तर गणकयंत्र उणे ६९.४ देतं. त्यात १८० मिळवा: ११०.६ अंश, म्हणजे पिवळट हिरवा. स्प्रेडशीटमध्ये दोन किमती घेणारं एटॅन-टू सूत्र वापरलं की ही भानगड राहत नाही. गडद लाल फळांत दुसरी गंमत होते. ३५५ आणि ५ अंशांची सरासरी १८० येते, म्हणजे दोन लाल फळांची सरासरी हिरवी! तिथे आधी ए-स्टार आणि बी-स्टारची सरासरी काढा, मग कोन.

पण मुळात लाली मोजणं हाच चुकीचा प्रश्न असतो. सफरचंद किंवा पीचवरची लाली उन्हाने आणि जातीने ठरते. पक्वता सांगतो तो तिच्या खालचा सालीचा मूळ रंग, हिरवा की पिवळसर. डोळ्याला लालीखालचं दिसत नाही, पण क्लोरोफिल ६७० नॅनोमीटरला प्रकाश शोषतं आणि लाल रंगद्रव्य तिथे जवळपास काही करत नाही. म्हणून ६७० आणि ७२० नॅनोमीटरच्या शोषणातला फरक घेणारी मीटर लाल फळांत उपयोगी पडतात. क्लोरोफिल ओसरतं तसा तो फरक शून्याकडे येतो. संत्र्यात मात्र सालीच्या रंगावर जाऊ नये. उष्ण हवेत फळ आतून तयार असूनही साल हिरवी राहते.

थापटून काढलेली वारंवारिता

फळाला टिचकी मारून, आवाज नोंदवून, अनुनादाची वारंवारिता काढली की कठीणपणा कळतो. नुसत्या वारंवारितेची तुलना करणं ही इथली पहिली चूक. मोठं फळ तसंही खालच्या सुरात वाजतं. निर्देशांक असा: वारंवारितेचा वर्ग गुणिले वस्तुमानाचा (किलोग्रॅममध्ये) दोन-तृतीयांश घात. २०० ग्रॅमचं आणि ३०० ग्रॅमचं सफरचंद दोन्ही ८०० हर्ट्झला वाजली, तर निर्देशांक अनुक्रमे २.१९ लाख आणि २.८७ लाख येतो. मोठं फळ जास्त टणक आहे, कानाला मात्र दोन्ही सारखीच.

फोनवर नोंदवताना आवाजातली खरखर काढणारी सोय बंद करा. ती बोलण्यासाठी बनवलेली असते आणि खालचे सूर छाटते. फळ टेबलावर ठेवू नका, मऊ फोमच्या कड्यावर ठेवा, नाहीतर टेबलाचाच सूर मिळेल. नखाने न मारता रबरी टोकाच्या काडीने मारा. एफएफटीची (आवाजातल्या वारंवारिता वेगळ्या करणाऱ्या गणिताची) खिडकी, म्हणजे त्यात घेतलेला आवाजाचा तुकडा, ०.१ सेकंदाची असेल तर दोन आकड्यांमधलं अंतर १० हर्ट्झ राहतं. सफरचंदाला ते खपून जातं, पण १४० हर्ट्झला वाजणाऱ्या कलिंगडाला ते फार ढोबळ. आणि शिखर बरोबर १०० किंवा १५० हर्ट्झवर आलं तर आधी संशय विजेच्या गुणगुणीवर घ्या. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात तिच्या पटी तिथेच पडतात. काही न मारता नुसतं नोंदवून बघा, शिखर तसंच दिसलं तर ते फळाचं नाही.

मऊ झालेल्या फळावर ही पद्धत सोडून द्या. आवाज लगेच विरतो, शिखर पसरट होतं. आतून पोकळ झालेलं कलिंगडही खालच्या सुरात वाजून ‘जास्त पिकलेलं’ असल्याची बतावणी करतं.

पाण्यात तरंगतं की बुडतं

आंब्यासारख्या फळात भरत आलं की घनता वाढते, त्यावर ही चाचणी उभी आहे. साधं पाणी म्हणजे १.००. लिटरमध्ये २५ ग्रॅम मीठ घातलं की सुमारे १.०१६. हा फरक किती बारीक आहे ते एकदा मोजून बघा: तराजूवर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, फळ पातळ सुईने पूर्ण बुडवून धरा, तळाला किंवा भिंतीला लागू देऊ नका. तराजूवर दिसणारे ग्रॅम म्हणजेच फळाचं मिलिलिटरमधलं आकारमान. २५० ग्रॅमच्या फळाला २४६ आलं तर घनता १.०१६. एका ग्रॅमने चुकलात तर ती १.०१२ किंवा १.०२० होते, म्हणजे हाती काहीच उरत नाही. ०.१ ग्रॅमचा तराजू हवाच. आणि देठाच्या खळग्यात अडकलेला एक मिलिलिटरचा बुडबुडाही हीच चूक करतो, म्हणून फळ तिरकं बुडवून तो आधी सोडवा. आतून कीड लागून पोकळ झालेलं फळ भरलेलं असूनही तरंगेल.

पाणी फळापेक्षा थंड नको. गरम फळ गार पाण्यात गेलं की आतली हवा आकसते आणि देठाच्या जखमेतून पाणी आत ओढलं जातं, त्याच्यासोबत जंतूही. पाणी गरापेक्षा साधारण ५ अंशांनी कोमट ठेवा आणि फळं बाहेर काढल्यावर देठाकडची बाजू आधी कोरडी करा.